स्थानिक मच्छीमार

सोनगीर फाट्यावर मुंबईची गाडी उशिरा आली. लेक जर्मनीला निघाली म्हणून आईने शेवेचा डबा तीनदा उघडून पाहिला. आबा, म्हणजे माझे वडील, पाठ फिरवून उभे होते. गाडी दिसली तेव्हा एवढंच बोलले, "मनं नाव लिखशी ना त्यामा?"

"लिहिणार, आबा. पहिलं."

त्यामा म्हणजे माझ्या शोधनिबंधात.

आबा आयुष्यभर गावच्या तलावात जाळं टाकत आले. अंगठ्याने माशाचं पोट दाबून ते सांगतात, यात जंत आहे, यात नाही. जंताची आतडी काठावर फेकत नाहीत, लांब नेऊन पुरतात. बाकीचे मच्छीमार हसायचे, "आबा, मासासले बी माटी देतस का?" आबा म्हणायचे, "बगळा खास, पानीमा हागस, मंग बठ्ठा तलाव नासस."

पक्ष्याने खाल्लेल्या जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून पाण्यात उतरतात, हे मायक्रोस्कोपखाली दाखवायला आम्हाला तीन पावसाळे लागले. विष्ठा कुठल्या झाडाखाली गोळा करायची, तेही आबांनीच दाखवलं.

मसुद्यात त्यांचं पूर्ण नाव होतं. जर्मनीतले माझे गाइड म्हणाले, "नाव घातलं की विज्ञानाचा किस्सा होतो. लोकल फिशरमेन लिही." तिथे राहायचं माझं परमिट वाढवायला त्यांचं पत्र लागणार होतं. मी नाव खोडलं. धुळ्याला कॉलेजच्या गेटवर 'आमचं ज्ञान, आमचं नाव' अशी पत्रकं वाटणारी मीच. हात धरून कोणी खोडायला लावलं नव्हतं.

निबंध छापून आला. आबांनी धुळ्याहून प्रिंट काढून आणली, चहाच्या टपरीवर उलगडली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. "कोठे शे?"

मी ओळ सांगितली. "लोकल फिशरमेन. म्हणजे स्थानिक मच्छीमार. ते तुम्हीच, आबा."

"हाई तर कोनंबी नाव व्हई."

मागून कोणीतरी बोललं, "आबा, जंतनं नाव तरी छापेल शे."

खरंच आहे. इथे लॅबमध्ये तो जंत बाटलीत झोपलाय, गळ्यात लॅटिन नावाची चिठ्ठी. त्याला जे मिळालं ते माझ्या बापाला मिळालं नाही.

माझ्यासारखं शिकून बाहेर पडलेल्यांनो, तुमच्या थिसीसमध्ये कोण आहे? औषधी पाला ओळखून देणारी आत्या? तिलाही 'स्थानिक महिला' करून टाकलंत ना? गाइडला शिव्या घालणं सोपं आहे, मीही रोज घालते. पण टाइप आपणच केलं.

दुरुस्तीसाठी जर्नलला लिहिलं. गाइडची संमती लागते, असं उत्तर आलं. गाइडचं उत्तर अजून यायचंय.

गेल्या हिवाळ्यात सॅम्पलच्या बाटल्या घेऊन गावी गेले. आबा ओट्यावर जाळं सांधत होते. विचारलं, "आबा, पाणकावळे हल्ली कुठल्या झाडावर बसतात?"

त्यांनी मान वर केली नाही. "मले काय माहीत, मॅडम."

चेष्टा नव्हती ती. तालुक्याहून येणाऱ्या संशोधकांना ते हल्ली हेच सांगतात, आई म्हणाली. तिने ताट वाढलं, माझी गोधडी उन्हात घातली.

जेवायला आणि झोपायला ते घर अजून माझं आहे. पण तलावाबद्दल काही विचारायचं असेल, तर त्या ओट्यावर मी बाहेरून आलेली बाई आहे.