काचेची पट्टी

गाव त्यांना काचवाले म्हणे, पण त्यांनी जन्मात कधी खिडकीला काच बसवली नव्हती. ते मूळचे गवंडी. डोंगराच्या पायथ्याच्या घरांना तडे जात आणि काचवाले त्यावर बोटभर रुंदीची पातळ काच आडवी चिकटवत, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. काच शाबूत, तर तडा जुना. काच तडकली, तर भिंत अजून चालतेय.

"भिंत कशी हो चालेल?" बायको चिडवायची.

"भिंत नाही गं, खालची जमीन. दोन अवाढव्य खडक एकमेकांना रेटतायत, आपली नखं वाढतात ना, त्या वेगानं. त्या रेट्यानंच हा डोंगर वर आला. मध्येच कुठे खडक अडकतो, वर्षानुवर्षं ताण धरतो, आणि सुटला की आपण अंगणात पळतो."

ऐकता ऐकता तिची तंद्री लागे. चादर दोन्हीकडून सरकवली की मधोमध सुरकुती उभी राहते. तिला वाटे, आपलं घर, झाडं, दुपारचं ऊन, सगळं त्या सुरकुतीतच वसलंय.

लेक तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन येणार होती. तिच्या खोलीच्या भिंतीलाच तडा. काचवाल्यांनी पट्टी चिकटवली. "महिनाभर टिकू दे, मग खुशाल बोलाव."

सव्विसाव्या दिवशी त्यांनी धूळ पुसायला पट्टीवर अंगठा फिरवला. पट्टी गार लागली नाही. दाबली तर वाकली. प्लास्टिक!

बायको दारात टॉवेल पिळत उभी होती.

"कधी फुटली?"

"अकराव्या दिवशी. केसाएवढी तर चीर होती. दोन वर्षं झाली हो, लेकीचं तोंड पाहिलं नाही."

काचवाल्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द निघाले ते भलतेच. "मला फसवलंस ते ठीक, पण डोंगराला गं काय फसवणार?"

ती हसली आणि हसता हसताच रडली.

"डोळे पूस. फोन लाव तिला. म्हणावं, तू येऊ नकोस, आम्हीच येतो."

"आणि घर?"

"पळून पळून किती पळेल? नखाएवढं!"

निघताना त्यांनी खरी काच लावली. तिनं बोट लावून पाहिलं. गार होती.

पुढच्या आठवड्यात लेकीच्या खिडकीशी बसून तिनं झोपलेल्या बाळाची नखं कापली. पापुद्र्यासारख्या इवल्याइवल्या कोरी. तळहातावर घेऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. तिकडे घराखालची जमीनही एवढीच सरकली असेल.

"आई, टाक ना ते," लेक म्हणाली.

"टाकते गं," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.