कार्ल्सरूहेचा बहिरा श्रोता

मार्च : गावच्या संध्याकाळच्या तंत्रवर्गातील मशीन ड्रॉइंगच्या अभ्यासक्रमासाठी माझा मेहुणा वामन याचा अर्ज. मे : ‘विद्यार्थी व्याख्यान ऐकण्यास समर्थ असावा’ या कलमाखाली नकार, जबाबदार, वर्गाचे प्राचार्य. जून : माझी लेखी हरकत. जुलै : ‘नियमात बदल संभवत नाही’, जबाबदार, व्यवस्थापक मंडळाचे चिटणीस, पेशाने वकील, म्हणजे दुर्दैवाने माझेच व्यवसायबंधू. ऑगस्ट : पुतणे चिरंजीव माधव यांचे जर्मनीहून निमंत्रण. सप्टेंबर : मी बोटीवर.

वामनचे कान लहानपणी तापात गेले. तो बोलतो स्पष्ट, वाचतो, समोरच्याचे ओठ पाहून समजून घेतो. कारखान्यात लेथवर हात बसलेला आहे. परंतु ड्रॉइंगचा दाखला नाही म्हणून तो अद्याप मदतनीस. येत्या उन्हाळ्यानंतरचा वर्ग हुकला, तर वयोमर्यादेमुळे त्याला हे दार कायमचे बंद.

इटलीतील जिनोव्हा बंदराहून गाडी निघाली आणि आल्प्सचे कडे दिसू लागताच जुलैचा तो खलिता माझ्या मनातून पार गेला. बोगद्यातून बाहेर पडावे तो समोर निळे सरोवर, पुन्हा अंधार, पुन्हा उन्हात झगझगणारे हिम. बाझलनंतर ऱ्हाइनकाठची सपाट शेते आणि उतरणीवरचे द्राक्षमळे. उत्साहाच्या भरात मी भलत्याच डब्यात शिरलो आणि सिगार ओढणाऱ्या एका गृहस्थांस खुणांनी धूम्रपानबंदीचा नियम समजावू लागलो. त्यांनी शांतपणे दारावरील ‘राउखर’ (धूम्रपान करणारे) या पाटीकडे बोट दाखविले. नियम त्यांच्या बाजूचा होता.

कार्ल्सरूहेस माधव तांत्रिक विद्यापीठात संशोधन करतो. महायुद्ध संपून पंधराएक वर्षे झाली, तरी त्याच्या गल्लीच्या टोकाला एक भिंत अजून एकटीच उभी होती. तिच्या शेजारी नव्या कोऱ्या घराला रंग चालला होता. घरमालकीणबाईंनी ‘कार्टोफेलझालाट’ (बटाट्याची कोशिंबीर) वाढली. तीत मांसाचा रस नाही ना, हे मी विचारले, आणि ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारले.

“काका,” माधव म्हणाला, “बाई साक्षीच्या पिंजऱ्यात नाहीत. जेवा.”

जवळचे मेतकूट भुरभुरल्यावर पदार्थ उत्तम लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माधवने मला ‘फोल्क्सहोखशूल’मध्ये (कामकरी प्रौढांसाठीचे लोकविद्यालय) नेले. विषय, मशीन ड्रॉइंग! मी पुढच्याच बाकावर बसलो. एका इटालियन कामगारास जर्मन धड येत नव्हते. त्याच्या हाती शिक्षकांनी लाकडी ठोकळा दिला आणि तो फिरवून फिरवून वरून, समोरून, बाजूने काय दिसते ते त्याच्याकडून काढवून घेतले. युद्धात एक हात गमावलेल्या गृहस्थांच्या ड्रॉइंगच्या फळीला पट्टी धरून ठेवणारा चिमटा होता. पिकल्या केसांच्या एका बाईंना शिक्षक ‘झी’ (आपल्याकडील ‘अहो’) म्हणून हाक मारीत. आमच्या रात्रीच्या वर्गांत आजोबा झालेल्या माणसालाही ‘ए गणप्या’ ऐकावे लागते.

माझ्या शेजारचे ‘हेर’ (श्रीयुत) मोझर बाँबच्या धमाक्याने बहिरे झालेले. त्यांच्या ओळखपत्रावर ‘ह्योरर’ असा शब्द होता. अर्थ विचारला. “श्रोता,” माधव म्हणाला. “इथं विद्यार्थ्याला तसंच म्हणतात.”

माझ्यातला वकील उठून उभा राहिला. “मग यांचा प्रवेश नियमबाह्य ठरतो,” मी म्हणालो. म्हणजे ज्या कलमाशी मी पावसाळाभर भांडलो, त्याचीच बाजू मी परदेशात मांडीत होतो.

माधवने नाइलाजाने भाषांतर केले. शिक्षक हसले. “आल्झो (असं बघा), मागच्या बाकावर घोरतात तेही ह्योररच.”

हेर मोझर शिक्षकांचे ओठ वाचीत होते. ते माझ्याकडे वळले. “डोळे मिटले की मला काहीच ऐकू येत नाही. म्हणून या वर्गात कधीच न झोपणारा मी एकटाच.”

“गेनाऊ (अगदी बरोबर),” मागून एक जण म्हणाला आणि वर्ग हसला.

यांच्यासाठी कोणती खास व्यवस्था करावी लागली, असे मी विचारले. मला यंत्राची, अनुदानाची, ठरावाची अपेक्षा होती. शिक्षकांनी खांदे उडविले. “फळ्यावर लिहिताना मी बोलत नाही. लिहितो, वळतो, मग बोलतो. यांच्यामुळे बाकीच्यांनाही आधी पाहायची सवय लागली.”

मी तासभर पाहिले. खडू चाले तेव्हा ओठ मिटलेले. ओठ हलत तेव्हा चेहरा वर्गाकडे. कोणत्या कायद्याने हे घडविले नव्हते, आणि कोणत्या कायद्याची त्याला आडकाठी नव्हती. मला इतका आनंद झाला की घरी जाताना ट्राममध्ये मी माधवला तेच तेच सांगत राहिलो.

घरी परतल्यावर वामनला सारे सांगितले. तो माझ्या ओठांवरची नजर न काढता ऐकत होता.

“दाजी,” तो म्हणाला, “मास्तर तोंड माझ्याकडं करतील का, एवढंच विचारा. ड्रॉइंगचं मी बघतो.”

ते मी येथे, गावच्या या वृत्तपत्रातून, विचारीत आहे. समुद्र ओलांडून मी एवढे पाहिले, की ज्याला आपण शिकणाऱ्याची अपात्रता म्हणतो, ती पुष्कळदा शिकविणाऱ्याची पाठ असते. प्राचार्य महाशय, आणि चिटणीस महाशय, आपण कलम पुन्हा उद्धृत करू नये. ते मला पाठ आहे. फळ्यावर लिहिताना गप्प राहणे आपल्या शिक्षकांस शक्य आहे की नाही? ‘होय’ किंवा ‘नाही’, आपल्या सहीनिशी, प्रवेश बंद होण्यापूर्वी, हा मजकूर छापला जाईल त्याच पानावर, साऱ्या गावाला वाचता येईल असे छापावे.