हात बसला की

कमळचा दिवस पावणेपाचला सुरू होई. पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, सातच्या आत भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या पॉवरलूमवर हजर. दुपारी दोनपर्यंत टेबलावरून सरकणारं कापड तपासायचं. तुटलेला धागा डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळायचा. मग शेअर रिक्षाने जवळच्या वळ गावी. तिथे तीन वाजता तिची दुसरी ड्युटी.

ही ड्युटी शिकवण्याची. वळच्या हेमालीने आपली दोन मुलं शाळेतून काढून घरीच शिकवायला घेतली होती. प्रितेश अकराचा, उन्नती आठची. न बघता, दहा बोटांनी टाइप करायला शिकवणारं कोणीतरी हेमालीला हवं होतं. भिवंडीतले टायपिंग क्लास कधीच बंद पडले होते. एका जुन्या मास्तरांनी कमळचं नाव सांगितलं. कमळने सतराव्या वर्षी दिवसा लूमसाठी सुताच्या कांड्या भरून संध्याकाळी क्लास केला होता. मराठी चाळीसची, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांची, परीक्षा पहिल्या झटक्यात पास. नोकरी लागायच्या आत लग्न लागलं, आणि संसारातून डोकं वर काढेपर्यंत टाइपरायटर भंगारात गेले.

कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं वेगळ्याच जागी असतात. कमळने हो म्हणण्याआधी महिन्याची मुदत मागून घेतली. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्यावर बोटं बडवली. स्वतःला येत नाही ते दुसऱ्याला शिकवायचं नाही, हा तिचा बाणा.

पहिल्या दिवशी ती गेली तेव्हा उन्नती आधीच टाइप करत होती. दोन बोटांनी, जीभ बाहेर काढून. गोष्ट लिहीत होती. एक कंटेनर रस्ता चुकून वळच्या शेतात येतो आणि बकरीला पत्ता विचारतो. बकरी म्हणते, आधी तुझ्या पोटात काय आहे ते दाखव. अशा चौदा गोष्टी झाल्या होत्या. ओळीओळीला चुका, पण पोरगी थांबत नव्हती.

कमळने तिचे हात कीबोर्डवरून उचलले.

"हे बंद. दोन बोटांची सवय लागली की हात बिघडतो."

"मग गोष्ट कधी लिहू?"

"हात बसला की."

"बसला ते कसं कळणार?"

"मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी कमळने कोऱ्या कापडाचे दोन तुकडे शिवून आणले. ते मनगटावरून कीबोर्डवर पसरायचे, म्हणजे अक्षरं दिसत नाहीत. उजव्या हाताखाली र, क, त, च. रोज चाळीस ओळी. एक चूक झाली की ओळ पहिल्यापासून. मग छापील उतारा. बघायचं फक्त कागदाकडे. चुकेल तिथे लाल पेन्सिलीने गोल.

आनंदीबाई, मुलांची आजी, दारात बसून टोमणे मारायची. "शालंत न्हाय धाडत, आन् घरात कारखाना काढलाय. पगार कधी वाटनार गं?"

"आधी माल पास होऊ दे, आजी," कमळ म्हणायची.

प्रितेश दोन महिन्यांत पळाला. बोटं दुखतात म्हणाला. उन्नती टिकली. करंगळी पोचत नव्हती, तरी ताणायची. पहिले काही दिवस तिने गोष्टीचं विचारलं. कमळ म्हणायची, अजून नाही. पुढे तिने विचारणं सोडलं. पोरीचं लक्ष लागलं, असं कमळला वाटलं. शेडमध्ये ती मुकादमाला सांगायची, माझ्या हाताखाली एक पोरगी आहे, एक दिवस मला मागे टाकील.

आठव्या महिन्यात उन्नतीने मिनिटाला तीस शब्द गाठले. नजर कागदावर, पाठ ताठ, एकही चूक नाही. कमळचा ऊर भरून आला. तिने उतारा बाजूला केला, कापडं काढली.

"बसला हात. लिही आता तुझी गोष्ट."

उन्नतीने बोटं बरोबर जागेवर ठेवली. तशीच बसून राहिली. 

"मावशी," ती म्हणाली, "कागद दे ना. काय बघून लिहू?"

कमळने बकरीची आठवण करून दिली. उन्नती कसनुशी हसली. ते लहानपणीचं होतं, म्हणाली. कमळ दोन आठवडे रोज कोरी स्क्रीन समोर ठेवून बघत राहिली. पोरगी मान खाली घालून बसायची. शेवटी हेमाली हळूच म्हणाली की पोरीचं गोष्टी रचणं थांबलंय हे तिच्या कधीच लक्षात आलं होतं, पण मावशी एवढ्या मेहनतीने शिकवतात, मध्ये कसं बोलायचं.

मेहनतीत कमळ कमी पडली नव्हती. रोज अर्धा तास पोरीला दोन बोटांनी हवं ते लिहू दिलं असतं तर हात बसायला वर्ष लागलं असतं. लागू द्यायचं होतं. घाई पोरीला नव्हती.

जुन्या गोष्टी हेमालीने जपून ठेवल्या होत्या. त्या पेन ड्राइव्हवर घेऊन कमळ निजामपुऱ्यात छपाईवाल्याकडे गेली. चुका दुरुस्त करू का, त्याने विचारलं. एकाही अक्षराला हात लावायचा नाही, ती म्हणाली.

उन्नतीने छापून आलेलं पुस्तक उघडलं. स्वतःचं नाव बघून खूश झाली. मग उठली, लाल पेन्सिल घेऊन आली आणि पहिल्या पानापासून चुकांना गोल करायला बसली. एकही चूक तिच्या नजरेतून सुटत नव्हती.

कमळ शेजारी बसून बघत राहिली. त्या महिन्याचे शिकवणीचे पैसे चौदा गोष्टींची छपाई, जाड पुठ्ठा आणि वर सोनेरी अक्षरांत पोरीचं नाव, यात गेले.