कोल्ह्यांची वहिवाट

उभ्या रायगड जिल्ह्यात वास्तुशांतीला सिमेंटच्या नळ्याचा आहेर नेणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा असावा, हे माझं प्राक्तन. लोक घड्याळ देतात, लेमन सेट देतात, मामा रिक्षातून हातभर रुंदीचा नळा उतरवतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि यजमानाला म्हणतात, "हा कंपाउंडच्या भिंतीत तळाशी बसवून घ्या. कोल्ह्यांची वहिवाट आहे." नळा उचलायला अर्थातच मी. माझी कंबर गेली ती या परोपकारातच.

मामांचं आयुष्य श्रीवर्धनला एका वकिलांकडे कारकुनी करण्यात गेलं. त्यामुळे वहिवाटीच्या बाबतीत माणूस आणि जनावर असा भेद त्यांना करता येत नाही. आमच्या गावाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिथलं कांदळवन, मध्ये सुपारीच्या वाड्या. पूर्वी वाड्यांना काट्याकुट्यांचं कुंपण असे, त्यातून कोल्हे, मुंगसं, घोरपडी आरपार जात. आता वाडी विकली की आधी चिऱ्याची भिंत उभी राहते. "ते खाडीवर चिंबोऱ्या खायला जातात आणि घरी परततात," मामा सांगतात. "आपण नाही बाजारात जात? वाटेत कुणी भिंत घातली तर कोर्टात जाऊ की नाही?"

एकदा एका गवंड्याने हात जोडले. "मामा, भितीला भोक ठेवलं तं मालक मला कामावर ठेवल का?" मामा म्हणाले, "अरे, भिंतीला कान असतात, मग एक भोक असायला काय हरकत आहे?" कोल्हा काकडीला राजी, मामा भोकाला. विनवण्या, हट्ट, फणसाचे गरे, सगळे उपाय करून त्यांनी डोंगरापासून ओळीने पाच वाड्यांच्या भिंतींत, त्यात एक त्यांची स्वतःची, नळे बसवून घेतले. जनावराला आतून कसं वाटतं ते पाहायला एकदा स्वतः शिरले आणि अडकले. पाय धरून ओढताना मामी म्हणाल्या, "पुढच्या जन्मी कोल्हाच व्हा, म्हणजे मी सुटेन."

राहिली होती खाडीला लागून असलेली शेवटची वाडी. तिचे नवे मालक मुंबईला, फोन उचलत नसत. वास्तुशांतीला आम्ही नळा घेऊन पोचलो, तर भिंत पुरी झालेली, वर काचा बसवलेल्या. मालक मुलगा चांगला होता. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "वा मामा, काय मस्त कुंडी आणलीत! यात बोगनवेल लावू." मामा नुसतं "लावा" म्हणाले. पानावरून उठताना त्यांना हात द्यावा लागला. येताना रिक्षात म्हणाले, "चुकलंच. आहेर भूमिपूजनालाच द्यायला हवा होता."

आता चिखलातली कोल्ह्यांची पावलं त्या भिंतीपर्यंत जातात आणि माघारी वळतात. तिन्हीसांजेला खाडीकडून कोल्हेकुई येते, डोंगरातून तिला उत्तर मिळतं, मध्ये आम्ही चहा पितो. मला फार वाईट वाटतं. आपल्या वाडीतल्या नळ्यातून भटकी कुत्री येतात, तो बुजवून टाका, असं मामी म्हणाल्या, तेव्हा मामा उसळले नाहीत. हळूच म्हणाले, "राहू दे. आपणच वाट बुजवली, तर हक्क सोडल्यासारखं होईल."

गुडघ्यांमुळे त्यांना हल्ली वाकवत नाही. म्हणून त्यांच्या वाडीतल्या नळ्यातला पाचोळा मी काढतो. खरं सांगायचं तर कंटाळा येतो; खाडीशी ती भिंत उभीच आहे. मामा ओटीवरून विचारतात, "झाली का हो वाट मोकळी, जावईबापू?"

"झाली, मामा," मी म्हणतो.