नामाचा वेल

बाईजाने १९९८ साली वाशिंदच्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम धरले. दोन वर्षांत ती काचेआड बसून अँथुरियम या शोभेच्या फुलझाडाची पाने कापू लागली. पानाचा नखाएवढा तुकडा बाटलीतल्या अगरवर, म्हणजे घट्ट पोषक खळीवर ठेवायचा. त्याची गाठ बनते, गाठीला अंकुर फुटतात. पण शंभरातल्या जेमतेम दहा बाटल्यांत फुटत. पुरती न उघडलेली तांबूस पाने घेतली तर निम्म्याहून अधिक फुटतात, हे तिनेच प्रयोगशाळा चालवणाऱ्या अनिता मॅडमना दाखवले.

तिचा बाप नामा सिद्धगडाच्या पायथ्याला राही आणि हाडांच्या दुखण्यावर एका रानवेलाचा पाला बांधी. तो वेल रानात आता एकच उरला होता. बी धरत नव्हता. फांदी लावली तर वाळे. मॅडम म्हणाल्या, "पानं आण. फावल्या वेळात करून बघ."

नामाने पळसाच्या पानात गुंडाळून जून, काळपट पाने दिली.

"बाबा, ही नाय. शेंड्याची कवळी पायजेत."

"औषधाचं कवळं खुडायचं नाय. माझ्या बापानं नाय खुडलं."

"अरे, वेलाचंच पोर करायचंय."

"पोर करायला पोरच मारतेस का गो? लय शिकलीस बाटल्या धुवून!"

जून पानांचे तुकडे काळे पडले. एका बाटलीत तेवढी पिवळट गाठ धरली. तिला अंकुर फुटेना.

२००३च्या दिवाळीत ती एकटीच वेलापाशी गेली. शेंड्याला दोन तांबूस पाने होती. नख देठाला लागले, पण बापाचा शब्द मोडवेना. ती रिकाम्या हाताने परतली.

शिमग्याआधी वणवा लागला. नामाने जागा उकरून पाहिली. मूळही जळले होते.

मग तो पहिल्यांदाच वाशिंदला आला. गाठीची बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिली.

"कवळं दिलं असतं तर फुटलं असतं?"

अँथुरियमचे आकडे तिला पाठ होते.

"काय सांगावं, बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर तो दुखणेकऱ्यांना ओटीवरूनच परत पाठवू लागला. बाईजा गावी गेली की तो आधी विचारी, "पान आलं का गो?" तीनेक वर्षांनी विचारणेही थांबले.

बाईजा अजून दर चार आठवड्यांनी गाठ बाहेर काढते, कडेचे काळे कापून टाकते आणि उरलेली नव्या बाटलीत ठेवते.