डेलबर्ट केचमचा एक तारा

डेलबर्ट केचम माझ्या पुस्तकांच्या दुकानात पहिल्यांदा शिरला तेव्हा भूकंप झाला. आमच्या लॉटन गावाला लागूनच लष्कराचा तळ, त्यामुळे तोफांचा सराव रोजचाच. काचा थरथरल्या की आम्ही कॉफीचा कप जरा धरून ठेवतो आणि बोलणं पुढं चालू करतो. पण तो रविवार होता, तोफा बंद होत्या. दाराची घंटा तुटून खाली पडली, माझं कुत्रं काउंटरखाली गेलं, प्रवासवर्णनांच्या कप्प्यातून अख्खं ग्रीनलंड जमिनीवर आलं, आणि सात फुटी माणसाने दारातली सगळी ऊन-हवा अडवून माझ्यासमोर एक पुस्तक आदळलं.

"पान एकशे चौदा," तो गरजला. "हा गडी तोफेच्या बरोबर मागं उभा राहून गोळा सोडतो. तो मेला पाहिजे. पुढच्या पानावर तो सिगारेट पेटवतो."

मी भीत भीत म्हणालो की गोष्ट दुसऱ्या ग्रहावरची आहे, तिथं गुरुत्वाकर्षण कमी असेल.

"तोफ मागं लाथ मारते, त्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही," तो म्हणाला, आणि पैसे परत न घेताच निघून गेला. पुढं ओळख वाढल्यावर कळलं, त्याची उंची पाच फूट नऊ इंच आहे.

डेलबर्टने बावीस वर्षं तोफखान्यात काढली. शेवटी तो सार्जंट, एका तोफेचा प्रमुख होता, म्हणजे एक तोफ, नऊ माणसं आणि जगातला सगळा राग त्याच्या ताब्यात. डावा कान तोफेला दिला. त्यामुळे तो कानगोष्टसुद्धा चौकात ऐकू जाईल अशी सांगे. निवृत्तीनंतर गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात अंतराळातल्या युद्धांच्या कादंबऱ्या वाचायचा. वाचायचा म्हणजे तपासायचा. हातात पेन्सिल, शेजारी पट्टी. चाळीस माणसांच्या तुकडीला आठ दिवस किती पाणी लागेल याचा हिशेब लेखकाने केला नसेल तर तो स्वतः समासात करायचा आणि खाली लिहायचा, "सगळे तहानेने मेले. पान ५३."

मग तो इंटरनेटवर अभिप्राय द्यायचा. लष्करात प्रत्येक सराव संपला की सगळे गोल करून बसतात आणि चार प्रश्नांची उत्तरं देतात: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. तिथं हुद्दा चालत नाही, शिपाई कर्नलला चूक सांगू शकतो. एकच नियम पक्का. ही बैठक बसवणाऱ्याने आधी स्वतःची चूक सांगायची, मग दुसऱ्याला बोलायचं. डेलबर्टचे सगळे अभिप्राय याच साच्यातले असत. एका प्रेमकथेलाही त्याने तसाच अभिप्राय दिला होता: "माझी चूक: मुखपृष्ठावर जहाज बघून हे पुस्तक युद्धाचं समजलो."

दर शनिवारी सकाळी अशा कादंबऱ्या वाचणारी मंडळी माझ्या दुकानात जमायची. निम्मे माजी सैनिक, निम्मे व्हिडिओ गेम खेळणारे. दुसऱ्या गटाची पुढारी मर्सी युन. दिवसभर दंतवैद्याकडे लोकांच्या तोंडात आरसा धरायची आणि घरी जाऊन चंद्रावर तोफा डागायची. डेलबर्टला भर सभेत गप्प बसवणारी तेवढी एकच.

खरं भांडण पेटलं ते 'नवव्या चंद्रावरची तुकडी' या कादंबरीवरून. त्याच नावाचा गेम मर्सीने अकराशे तास खेळला होता, आणि त्या गेमवर ही कादंबरी बेतलेली. लेखक ट्रेंट ऑस्टरगार्ड. हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी सैनिकांकडून माहिती गोळा करत आमच्या गावात आला होता. दोन दिवस त्याने डेलबर्टला बार्बेक्यू खाऊ घातलं आणि डेलबर्टने त्याला अल्सीड ब्रूसारची गोष्ट सांगितली.

अल्सीड हा डेलबर्टच्या तोफेत गोळे भरणारा, लुइझियानाचा. एक्क्याण्णव सालच्या युद्धात वाळवंटात दारूगोळ्याचा ट्रक तोफेपासून तीस पावलांवर पेटला. सगळे पळाले, डेलबर्टसुद्धा. अल्सीड त्या जळत्या ट्रकमध्ये चढला, चारशे यार्ड लांब नेला, उडी मारली. दोन्ही तळवे भाजले. नऊ माणसं वाचली. त्याला पदक मिळालं नाही. ऑस्टरगार्डने हे सगळं लिहून घेतलं, आणि डेलबर्टने त्याच संध्याकाळी लेक चार्ल्स या अल्सीडच्या गावी फोन करून त्याला सांगितलं की तू आता पुस्तकात येणार.

अल्सीड आता नाकाला ऑक्सिजनची नळी लावून घरी बसलेला. त्याने सगळ्या पुतण्या-भाच्यांना सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं. पुस्तक यायच्या आत त्याच्या गावातून चौदा प्रतींची मागणी गेली होती.

पुस्तक आलं. जळता ट्रक होता, चारशे यार्ड होते, तळवेसुद्धा भाजले होते. फक्त ट्रक चालवणारी होती लेफ्टनंट व्हेगा काइन, सुंदर, जबडा कोरीव. आणि गोळे भरणारा? तो पान दोनशे बारावर खंदकात बसून आईला हाका मारत होता.

अल्सीडने फोन उचलणं बंद केलं. तीस वर्षं दर रविवारी दोघं बोलायचे.

डेलबर्टने संकेतस्थळावर पुस्तकाला पाचांपैकी एक तारा दिला. साचा नेहमीचाच. "माझी चूक: बार्बेक्यूच्या प्लेटसाठी परक्या माणसाला गोष्ट सांगितली." पुढं दोन हजार शब्द. साच्यात नावं घ्यायची नसतात म्हणून त्याने अल्सीडचं नाव घेतलं नाही, लेखकाचं घेतलं नाही, त्यामुळे कुणाला काही कळेना. संकेतस्थळाने तो अभिप्राय "वस्तूशी संबंधित नाही" म्हणून काढला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा काढला. त्याच पानावर एका बाईने पार्सल भिजून आलं म्हणून दोन तारे दिले होते, दुसऱ्या एकीने नवऱ्याला वाढदिवसाला दिलं, त्याने अजून उघडलं नाही, म्हणून पाच तारे दिले होते. ते सगळे अभिप्राय वस्तूशी संबंधित होते.

गेमवाल्यांचा राग निराळाच. बंदुकीत बत्तीस गोळ्या असतात, पुस्तकात तीसच. मर्सीने त्यावरून तीन तारे कापले.

"तुझ्या दोन गोळ्यांचं तू धरून बस," डेलबर्ट म्हणाला. "इथं माणूस चोरीला गेलाय."

"सार्ज, तुम्ही गेम खेळलात का?"

"नाही आणि खेळणारही नाही."

"मग ऐका. खेळणारा असतो लेफ्टनंट. गोळे भरणाऱ्याला गेममध्ये चेहराच नाही. हेल्मेट आहे, आत काही काढलेलंच नाही. तो ट्रक चालवणार कसा? त्याला पायऱ्यासुद्धा चढता येत नाहीत."

डेलबर्ट उठून उभा राहिला. मग म्हणाला, "लष्करातही तसंच असतं, पोरी." आणि दार आपटून गेला. घंटा पुन्हा पडली, ती मी तेव्हापासून लावलेलीच नाही.

ऑक्टोबरात ऑस्टरगार्ड स्वतः आला. प्रती विकायच्या म्हणून गावोगावी सह्या करत फिरत होता. मला वाटलं मुजोर निघेल. निघाला एक वाकलेला, सर्दी झालेला माणूस, कोटाच्या खिशात खोकल्याच्या गोळ्या. सह्या घ्यायला आम्ही अकरा जण होतो. डेलबर्टने खुर्च्या आधीच गोल मांडून ठेवल्या होत्या. लेखकासाठी टेबल ठेवू दिलं नाही.

ऑस्टरगार्डला चार प्रश्न माहीत होते, पुस्तकासाठी त्याने तेही टिपून घेतले होते. तो उभा राहिला. शांतपणे म्हणाला की पहिल्या खर्ड्यात ट्रक गोळे भरणाऱ्यानेच चालवला होता. गेमच्या मालकांनी ते प्रकरण परत पाठवलं. पराक्रम नायिकेनेच करायचा, असा करारच होता. मग त्याने ते बदललं, नव्या खर्ड्यावर सही केली. घराचे हप्ते होते.

"आणि आईला हाका?" डेलबर्टने विचारलं. "त्याही करारात होत्या?"

"नाही. त्या माझ्या."

मला वाटलं आता डेलबर्ट त्याला खिडकीतून बाहेर काढणार.

तेव्हा मर्सी बोलली. तिला नियम नेमका ठाऊक होता, अठरा महिने ती त्याचे अभिप्राय वाचत होती. "सार्ज, बसवणाऱ्याने आधी स्वतःची चूक सांगायची असते. तुम्ही आज सांगितलीच नाही."

"सांगितली की. बार्बेक्यू."

"ती नाही. अल्सीडना पदक का मिळालं नाही?"

डेलबर्टचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. तो ओरडून बोलला, पण ते नेहमीचं ओरडणं नव्हतं.

"कारण शिफारशीचा कागद तोफेच्या प्रमुखाने भरायचा असतो. मी भरला नाही. भरला असता तर पहिल्या ओळीत लिहावं लागलं असतं की बाकीचे पळाले. मीही. आमचा लेफ्टनंट त्या दिवशी तंबूत होता. ट्रक आपणच नेला असा कागद त्याने भरला, पदक घेतलं. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली."

ऑस्टरगार्ड हळूच खाली बसला. त्याच्या हातातलं पेन उघडंच होतं.

"तीस वर्षं," मर्सी म्हणाली. "आणि एक तारा तुम्ही यांना देताय?"

त्यावर डेलबर्ट तिला काहीबाही बोलला, लष्करी शब्द होते, मला सगळे कळलेही नाहीत. मग मलाही बोलला, माझ्या कॉफीला बोलला. आणि कागद मागितला. माझ्या काउंटरवर कोपर टेकून, पेन्सिल आणि पट्टी घेऊन, त्याने पहिल्या ओळीपासून लिहायला घेतलं: तारीख, वेळ, ट्रक कुठं होता, कोण पळालं. स्वतःचं नाव त्याने पळणाऱ्यांत सगळ्यात वर घातलं. स्पेलिंग मर्सीने तपासलं आणि दोघं त्यावरूनही भांडले. ऑस्टरगार्डने विचारलं, मी काही मदत करू का. डेलबर्ट म्हणाला, "तू गप्प बस, तुझं लेखन मी वाचलंय."

एक प्रत लष्कराला गेली, एक लेक चार्ल्सला, अल्सीडकडे.

लष्कराकडून चार महिन्यांनी उत्तर आलं: शिफारस दोन वर्षांच्या आत यायला हवी होती. लेक चार्ल्सहून उत्तर आलं नाही.