पायरीवरचा पत्रा

दुपारचं जेवण अंगावर आलंय. धर्मा चोगले ट्रकच्या सावलीत गोणपाट अंथरून पडलाय. डोळे मिटतायत, पण नजर अजून दरवाजाच्या खालच्या कडेवर आहे. तिथे त्याने नुकतीच पुट्टी भरलीय. ती सुकली की पॉलिश पेपर मारायचा, वर रंग द्यायचा, की काम झालं.

अठरा वर्षं हा ट्रक बंदरावरून मासळी वाहतोय. क्रेटमधलं खारट पाणी झिरपतं आणि पत्रा आतून खातं. धर्माने जन्मभर ट्रक चालवला, पत्र्याच्या कामाला हात कधी लावला नव्हता. आता पन्नाशीनंतर शिकतोय. वेल्डिंगवाल्या रशीदभाईने बजावलं होतं, "गंज मुळापासून काढ. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास. भोक पडलं तर पडू दे, कापून नवा तुकडा जोडू." धर्माने तासभर तारेचा ब्रश मारला. दोन बोटं जातील एवढं भोक पडलं. मग त्याला कंटाळा आला. वर्तमानपत्राचा बोळा भोकात कोंबून त्याने वरून पुट्टी फासली.

"झालं?" कुणीतरी विचारतं.

समोर चांगुणा उकिडवी बसलीय. त्याची बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. लुगड्याचा काष्टा मारलेला, हातात मासे साफ करायची सुरी.

"सुकतंय," धर्मा म्हणतो. ती मेलीय हे त्याला ठाऊक आहे, पण तोंडावर कसं बोलायचं?

"आत काय भरलंत?"

"काही नाही."

"मागल्या वेळीही काही नाहीच म्हणाला होतात."

मागल्या वेळी म्हणजे पायरीच्या वेळी. केबिनमध्ये चढायची डावीकडची पायरी. लिलावात मासळी घ्यायची चांगुणाने, ट्रक हाकायचा त्याने. रोज पहाटे ती त्या पायरीवरून चढायची. "अहो, पायरी कुजलीय, पाय दिला की करकरते," असं दोन महिने सांगत होती. शेवटी त्याने वरून एक पातळ पत्रा ठोकला, काळा रंग मारला आणि म्हणाला, काही नाही होत.

आता ते बंदरावर आहेत. लिलाव चाललाय, बायकांची तोंडं हलतायत, पण आवाज नाही. घोट्यापर्यंत बर्फ साचलाय. ट्रकचा दरवाजा उघडा आहे आणि चांगुणाने पायरीवर एक पाय ठेवलाय.

"चढू?"

"नको," धर्मा म्हणतो.

"का? पत्रा ठोकलाय की."

तो तिचा हात धरायला धावतो, पण बर्फातून पाय निघत नाही. ती दुसरा पाय उचलते. पायरी मोडल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

घरातला ओटा. चूल पेटलीय, भात रटरटतोय. भिंतीशी ट्रकचा दरवाजा टेकवलाय आणि चांगुणा सुरीने तो खरवडतेय, बांगड्याचे खवले काढावेत तशी. पुट्टीच्या खपल्या तिच्या पायाशी पडतायत.

"लोकांना काय सांगितलंत?" ती मान वर न करता विचारते.

"पाय घसरला म्हणून."

"माझा?"

धर्मा चुलीतलं लाकूड आत सारतो.

"चपला ओल्या होत्या, घाईत होती. असंच ना? आणि घाई कशाची, तर वैजूचा फोन आला होता."

वैजू त्यांची मुलगी. त्या पहाटे ती नर्सिंगच्या परीक्षेला निघायची होती. आईने ओवाळल्याशिवाय निघायचं नाही म्हणून तिने फोन केला होता, आई, लवकर ये. त्या दिवसापासून 'लवकर' हा शब्द तिने कुणासाठी वापरलेला नाही.

"फोनचं मी काही म्हटलं नाही," धर्मा म्हणतो.

"नाही म्हटलंत. तिने तसं धरलं आणि तुम्ही धरू दिलंत. मोडकी पायरी दुसऱ्या दिवशी कापून खाडीत टाकलीत."

"तिला कळलं तर ती मला टाकून जाईल. मला दुसरं कोण आहे?"

"तिला तरी कोण होतं?"

भात उतू जातो. कुणी उठत नाही.

"चांगुणा, मला माफ कर."

ती हसते. जिवंतपणी ती अशी कधी हसली नव्हती. "माझ्याकडे काय मागता? माझ्या हातात आता काय उरलंय द्यायला? ज्या पोरीला रोज जाळताय तिच्याकडे मागा. देईल असं समजू नका."

सुरी आरपार जाते. चांगुणा भोकात बोटं घालते.

धर्मा जागा होतो. सावली सरकलीय, तोंडावर ऊन आलंय. तो आधी हात बघतो. हात कोरडे, नखं स्वच्छ. मग दरवाजाकडे बघतो. भोक उघडं आहे. दगडासारखी सुकलेली पुट्टी खपल्या होऊन मातीत पडलीय आणि तिच्या शेजारी वर्तमानपत्राचा बोळा. त्याने कोरडा कोंबला होता. आता तो चिंब भिजलाय.

वैजू चहा घेऊन येते. "बाबा, हे भोक बुजवलं होतंत ना तुम्ही?"

"पायरीपण अशीच होती," धर्मा म्हणतो.

"कुठली पायरी?"

तो सांगतो. पत्र्याचं, रंगाचं, खाडीचं. दोन वर्षं लपवलेली गोष्ट, पण सांगायला चहा निवेपर्यंतही वेळ लागत नाही.

वैजू ओरडत नाही. तिचा चेहरा फक्त लहान होत जातो. "म्हणजे फोनमुळे नाही," ती स्वतःशीच म्हणते. मग त्याच्याकडे बघते. "मी रोज रडायचे. पलीकडच्या खोलीत तुम्ही जागे असायचात. ऐकू यायचं ना तुम्हाला?"

"यायचं."

"आणि तुम्ही कूस बदलायचात. मला खाटेचा आवाज यायचा."

ती कप मातीत ठेवते. वाकून तो बोळा उचलते आणि दचकते, इतका तो गार आहे. तरी सोडत नाही. मूठ आवळून ती घरात जाते, आतून कडी लागते.

धर्मा तिथेच बसून राहतो. ट्रकपासून उंबऱ्यापर्यंत, रणरणत्या मातीवर पाण्याच्या थेंबांची ओळ उमटलीय. तो हात लावून बघतो. बर्फाचं पाणी.